1852 कोरायला मी नाही म्हटलं

बंदुकीवर खोदकाम करते म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो. त्याला परवाना लागत नाही का? लागतो, आणि त्याबद्दल आधीच सगळं स्पष्ट सांगून टाकते. बंदूक दुरुस्त करायची किंवा तिच्या यंत्रात काही फेरफार करायचा तर 1959 च्या शस्त्र कायद्याखाली त्या कामाचा वेगळा परवाना असावा लागतो. तो माझ्याकडे नाही. ज्या काकांच्या म्हापशातल्या वर्कशॉपमध्ये मी बसते त्यांच्याकडे तो आहे. बंदूक मालक स्वतः घेऊन येतो, नोंद काकांच्या वहीत होते, उघडझाक काका करतात. मी फक्त कलम, म्हणजे कोरायचं टोकदार हत्यार, चालवते. लोखंडाचा एकही तुकडा मी घरी आणत नाही. दस्त्यावरची चांदीची पाती तेवढी घरच्या पाटावर येते, कारण ती निघाली की नुसती चांदी असते.

आमचं घर डिचोलीचं, सोनारकामाचं. बाबांचा हात देवळांच्या चांदीवर चालायचा: पालखीचे दांडे, प्रभावळी, गाभाऱ्याच्या दारांवरचे पत्रे. मी कलम धरायला शिकले ती त्यांच्या राळेच्या गोळ्यावर, ज्यात चांदी घट्ट बसवून कोरतात. बंदुकीचं काम फार नंतर आलं, आणि तेसुद्धा चांदीमुळेच. जुन्या चांगल्या बंदुकांच्या दस्त्याला मुठीच्या खालच्या अंगाला बोटाच्या पेराएवढी चांदीची लंबगोल पाती बसवलेली असते. तिच्यावर मालकाची अक्षरं कोरायची अशी युरोपातली रीत. कितीतरी बंदुका ती पाती कोरी ठेवूनच गोव्यापर्यंत आल्या आणि पिढ्यानपिढ्या कोऱ्याच राहिल्या. कोणीतरी बाबांना विचारलं, यावर आमच्या आजोबांचं नाव घालता का. बाबांचे डोळे तोवर थकले होते. ते काम माझ्याकडे आलं.

गोव्यात अशा बंदुका आहेत तरी किती, असं बाहेरचे लोक विचारतात. आकडा मी सांगणार नाही, पण सत्तरी, सांगे, काणकोण या भागात कुळागर, म्हणजे केळी-पोफळीची बाग, असलेल्या जुन्या घरांत एखादी एकनळी असणं नवलाचं नाही. रानडुकरं आणि माकडं केळी-पोफळीत शिरली की बार काढून हाकलायची, त्यासाठी शेतीसंरक्षणाचे परवाने दिले जायचे. निवडणूक जाहीर झाली की याच बंदुका पोलीस स्टेशनात जमा करायच्या, निकालानंतर सोडवून आणायच्या. काही घरांत त्याहून जुनी दुनळी असते, बहुतेक बेल्जियमच्या लीएज शहरातली किंवा इंग्लंडच्या बर्मिंगहॅममधली. आणि अगदी मोजक्या ठिकाणी माळ्यावर ठासणीची, म्हणजे तोंडातून दारू ठासून भरायची, तो ठासायचा गज हरवलेली, बत्ती द्यायचं भोक बुजलेली.

आपल्याकडे बंदूक बाहेरूनच आली असं अनेकांना वाटतं, तेही पुरतं खरं नाही. 1510 मध्ये पोर्तुगीज सेनापती आल्बुकर्कने गोवा घेतलं तेव्हा आदिलशाही अमलातले बंदूक घडवणारे कारागीर इथे होतेच. ते त्याने कामाला लावले आणि 1513 मध्ये पोर्तुगालच्या राजाला त्यांच्या कामाची मोठी तारीफ लिहून पाठवली. 1543 मध्ये पोर्तुगीज जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले आणि तिथे तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने बार काढायच्या, बंदुका बनू लागल्या. त्या बंदुकांचा चाप गोवा-मलाक्काकडच्या घडणीशी जुळतो असं अभ्यासक मानतात. मांडवीकाठच्या ज्या लोहारांनी तसे चाप घडवले त्यांची नावं कुठेही कोरलेली नाहीत. कलम हातात असलेल्या माणसाला हे लागतं.

आता सत्तरीतल्या एका घराची दुनळी. त्या घराच्या परवानगीने लिहितेय, नावं मात्र देत नाही.

घरातले आबा ऐंशीच्या पुढचे. सोबत त्यांची मुलगी, जी कुळागर बघते. बंदूक जुन्या लुगड्यात गुंडाळलेली. आबांनी ती टेबलावर ठेवली आणि मला म्हणाले, "बाय, ही दिपाजी राण्यांच्या बंडातली. पातीवर 1852 घाल आणि खाली आमचं आडनाव." सत्तरीत वाढलेल्याला दिपाजी राण्यांचं बंड सांगावं लागत नाही. जानेवारी 1852 मध्ये राण्यांनी पोर्तुगीजांकडून नाणूसचा किल्ला घेतला तिथपासून पुढे तीन वर्षं ते धुमसत होतं. त्या बंडात आपल्या घरची बंदूक होती हे त्या घराने चार पिढ्या सांगितलेलं.

काकांनी नळ्या उतरवल्या आणि मी भिंगातून खालची बाजू बघितली. नळ्या पेटीवर, म्हणजे यंत्राच्या लोखंडी सांगाड्यावर, टेकतात तिथे, नेहमी झाकलेल्या सपाट जागेवर, नळीच्या चाचणीचे ठसे असतात. बंदुकीचा जन्म बघायचा तर तिथे. कारखान्याचं नाव वर कोणीही कोरू शकतो, पण चाचणीघराचा ठसा खाली गुपचूप बसलेला असतो. इथे लंबगोलात ई, एल, जी ही तीन अक्षरं होती, म्हणजे लीएज. आणि त्या लंबगोलाच्या डोक्यावर मुकुट. तो मुकुट लीएजच्या चाचणीघराने वापरायला घेतला 1893 मध्ये. शिवाय ही मागून काडतूस भरायची, मधोमध ठोका बसणारी बारा बोअर. तसली बंदूक बाजारात रुळली तीच 1860 नंतर. नाणूसचा किल्ला पडला तेव्हा ही बंदूक जगात नव्हती.

हे आबांना सांगायचं कसं, यात काकांनी आणि मी चहाचे दोन कप संपवले. शेवटी भिंग आबांच्या हातात दिलं, ठसा दाखवला आणि सगळं सरळ सांगितलं. मुलगी म्हणाली, "तरी पण घालूया ना. कोण बघतंय?" मी म्हटलं, घालणार नाही. चांदीवरचा आकडा पुसता येत नाही, आणि पन्नास वर्षांनी तुमच्या नातवंडांनी दुसऱ्या कोणाला बंदूक दाखवली की तो पहिल्या मिनिटाला ठसा बघणार. मग आकडा खोटा, म्हणून नावही खोटं, म्हणून घरच खोटं, असं होणार. खरं काय ते आबांना आठवतंय तोवर तेच कोरूया.

आबा बराच वेळ गप्प होते. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मुलीनेही कधी ऐकलं नव्हतं. ही बंदूक त्यांच्या आज्याने आणली. आज्याच्या बापाकडे ठासणीची होती, ती पोर्तुगीज सरकारने काढून नेली. घर बरीच वर्षं बंदुकीशिवाय होतं. आज्याने सुपारीचे पैसे साठवून ही दुनळी घेतली तेव्हा गावभर म्हटलं गेलं, राण्यांच्या बंडातली बंदूक घरी परत आली. गेलेल्या बंदुकीची गोष्ट आलेल्या बंदुकीला चिकटली ती अशी. मला ही हकीकत 1852 पेक्षा शंभरपट मोलाची वाटते. ऐंशीच्या पुढचा माणूस समोर बसलेला असताना ती निघाली. आणखी काही वर्षांनी ती विचारायला कोणी उरलं नसतं.

दुरुस्तीबद्दल. लोकांची पहिली मागणी असते, नव्यासारखी करून द्या. मी आणि काका दोघंही याला नकार देतो, आणि कारण फक्त आवडीनिवडीचं नाही. एका घराने बाहेर कुठेतरी आपली दुनळी चकाचक करून आणली होती. पॉलिशच्या चाकावर धरल्यामुळे पेटीच्या कडा गोल झालेल्या, पेचांच्या डोक्यांवरची बारीक नक्षी धुऊन गेलेली, ठसे अर्धे पुसलेले. वर गरम क्षारांचं ब्लूइंग, म्हणजे लोखंडाला निळा-काळा रंग चढवणं, केलेलं. दुनळीच्या दोन नळ्या आणि मधल्या पट्ट्या कथलाने झाळलेल्या असतात. ते उकळते क्षार झाळ खातात. वर्षभरात पट्टी सुटून वाजू लागली. अशी बंदूक पुन्हा जोडणं शक्य असतं, पण गेलेली नक्षी आणि गेलेला ठसा येत नाही. ओळखीचे आकडे आणि खुणा घासून काढणं हा कायद्याने गुन्हाही आहे, हे कित्येकांना ठाऊकच नसतं.

आबांच्या बंदुकीवर काकांनी तांबडा गंज तेलाने भिजवला, बोथट पितळी पट्टीने सोडवला, आणि जिथे धरून बसला होता तिथे भाग उकळत्या शुद्ध पाण्यात सोडला. उकळल्यावर तांबडा गंज काळा होतो, मऊ तारेच्या ब्रशने त्याची भुकटी निघून जाते आणि खाली दाट काळी छटा उरते. धातू घासला जात नाही. नळ्या दमास्कस निघाल्या: लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून केलेल्या. मळ निघाला तसा काथ्याच्या दोरीसारखा पीळ नळीभर वर आला. आबांनी सगळ्या हयातीत तो पाहिला नव्हता.

दमास्कस नळी दिसली की एक गोष्ट ठासून सांगावीच लागते. अशा बहुतेक नळ्या काळ्या दारूसाठी केलेल्या आहेत. आजच्या बिनधुराच्या काडतुसाचा दाब त्यांना सोसेलच असं नाही. जुन्या बाराबोअरच्या काडतूस बसायच्या कोठ्या बऱ्याचदा 65 मिलिमीटरच्या असतात आणि बाजारात मिळतं ते काडतूस 70 चं. ते आत बसतं, त्यामुळे चालेल असं वाटतं, म्हणूनच धोका. आबांच्या घरी डुकरं हाकलायला वेगळी भारतीय एकनळी आहे. दुनळीने आता बार काढायचा नाही, हे काकांनी लिहून दिलं.

दस्ता अक्रोडाचा. आपटून पडलेल्या खाचा ओला कपडा ठेवून वरून गरम इस्त्री टेकवल्यावर बऱ्याच भरून आल्या, कारण लाकडाचे तंतू दबलेले होते, तुटलेले नव्हते. मग जवसाचं तेल, तळहाताने, थोडं थोडं. घासून काही काढलं नाही. आज्याचा गाल टेकून टेकून दस्त्याला जो उजळ डाग पडलाय तो तसाच आहे.

एका जागी मात्र काकांचं आणि माझं जमेना. यंत्र झाकणाऱ्या उजव्या बाजूच्या लोखंडी पाटीवर, घोड्याच्या किंचित पुढे, रुपयाएवढ्या जागेत खोल गंज होता. डावी पाटी स्वच्छ. काकांना वाटलं ओल शिरली असेल. मी विचारलं, दसऱ्याला पूजेत कशी ठेवता? मुलीने बंदूक पाटावर ठेवल्यासारखी आडवी करून दाखवली. उजवी बाजू वर. अनामिका बरोबर त्या गंजावर टेकली. दर दसऱ्याला ओलं गंध-कुंकू तिथेच लागलं, वर झेंडूची फुलं, दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच. ओलाव्याने लोखंड खाल्लं. काका म्हणाले, भरून काढू, दिसणार नाही. मी हट्टाने ते थांबवलं. गंज मारला, तेल जिरवलं, खळगा ठेवला. त्या घरातल्या बायकांची बोटं शंभरेक वर्षं त्या जागी टेकली आहेत. बंदूक पुरुषांच्या हातात दिसते, तिच्यावर स्त्रियांच्या हाताची खूण एवढीच होती. आता दसऱ्याला गंध पाटाला लावायचं आणि बंदुकीजवळ आपट्याची सुकी पानं ठेवायची, असं ठरलं आहे.

बाजूच्या या पाट्यांवर कोरायचा आग्रहही बरेच जण धरतात. वाघ हवा, देवी हवी, घराण्याचं चिन्ह हवं. जुन्या पाट्या हाडांच्या आणि चामड्याच्या कोळशात तापवून पाण्यात विझवलेल्या असतात. पृष्ठभागाची बारीक साय काचेसारखी कडक होते आणि तिच्यावर निळे, गव्हाळ, राखाडी रंग उमटतात. त्यावर कलम चालत नाही, निसटते. कोरायचंच म्हटलं तर पाटी तापवून मऊ करावी लागते, मग पुन्हा कडक करावी लागते. त्यात रंग जातो आणि पाटी वाकडी होण्याची भीती असते. देवीच्या चित्रासाठी हे करणं मला पटत नाही. देवीला आपल्याकडे देवळाच्या दारावर भरपूर चांदी आहे.

म्हणून पाती. आबांच्या दुनळीची पाती दोन बारीक पेचांनी बसवलेली होती, कोरी, काळवंडलेली. राळ गरम करून तीत बसवली. वर पांढऱ्या रंगाचा हलका हात फिरवला, सुकल्यावर सलईने अक्षरं आखली. लंबगोलाच्या आत वरच्या ओळीत "सत्तरी", खाली चार नावं: आज्याचं, बापाचं, आबांचं आणि मुलीचं. आडनाव नको असं शेवटी आबाच म्हणाले. आडनाव घराच्या दारावर आहेच.

कलम धारेला लावल्यावर अंगठ्याच्या नखावर टेकवून बघते. घसरली तर अजून धार नाही, नखात रुतली तर झाली. सुरुवात उभ्या काड्यांनी. कलमेची मूठ तळहातात, अंगठा पातीवर टेकलेला, आणि जोर खांद्यातून येतो, बोटांतून नाही. चांदी टोकापुढे केसासारखी गुंडाळत उठते. कलम जराशी वर झाली की टोक खोल रुततं, खाली झाली की पृष्ठभागावरून सटकतं, आणि सटकलेला ओरखडा सगळ्यात आधी डोळ्यात भरतो. वळणाला हात फिरवायचा नसतो, चांदी फिरवायची असते. "स" चा गोल काढताना उजवा हात जागच्या जागी आणि डावा हात राळेचा गोळा सावकाश कलमेखाली आणतो. वळण जिथे जाड हवं तिथे कलम कुशीवर कलती करायची, तेवढ्याने रेघ रुंद होते आणि त्या उताराला उजेड धरतो. "त्त" ची जोडणी एवढ्या बारीक आकारात भरून यायला बघते. दोन रेघांच्या मधली भिंत कोसळली की अक्षर गेलं, म्हणून तिथे रेघ नेहमीपेक्षा उथळ ठेवली. शिरोरेषा शेवटी, डावीकडून उजवीकडे, एका दमात. ती सगळ्या काड्यांची वर आलेली कड कापत जाते आणि अक्षरं एका ओळीत उभी राहतात. बाबा ती काढताना श्वास रोखायचे, मीही रोखते.

रोमन अक्षरांच्या गुंफणी करणारे उत्तम कारागीर युरोपात आहेत. त्यांची पुस्तकं, नमुने मिळतात. देवनागरीसाठी असे नमुने मला मिळाले नाहीत, मी ते देवळांतल्या जुन्या चांदीवरून, समयांवर कोरलेल्या दात्यांच्या नावांवरून उचलले. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या त्या अक्षरांची ठेवण छापील अक्षरांपेक्षा बुटकी आणि रुंद आहे, लहान पातीवर ती फार छान बसते.

कागदांबद्दल, कारण खोदकामापेक्षा इथेच घरं जास्त अडकतात. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीकडे दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाची असली तरी ती त्या दोनांतच धरली जाते. जास्तीची पोलीस स्टेशनात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. परवाना आता पाच वर्षांचा असतो. आणि वारसाच्या नावावर करायला मृत्यूचीच वाट बघावी लागत नाही. 2016 च्या नियमांप्रमाणे परवानाधारकाला सत्तर वर्षं पूर्ण झाली किंवा बंदूक त्याच्याकडे पंचवीस वर्षं असली, यातलं जे आधी होईल त्यानंतर तो हयातीत वारस नेमू शकतो. वारसाने स्वतः अर्ज करायचा, बाकीच्या वारसांची हरकत नसल्याचं पत्र जोडायचं, आणि वय 21 पूर्ण हवं. आबांनी मुलीचं नाव दिलं, दोन्ही मुलग्यांनी सह्या केल्या. एक मुलगा वास्कोला असतो, तो सहीसाठी पावसात सत्तरीपर्यंत आला.

कागद न करता बाप गेला आणि बंदूक माळ्यावर तशीच राहिली, अशी घरं मला माहीत आहेत. भीतीने ती पुढे कुठे टाकली जाते, विहिरीत जाते. असं करू नका. पोलिसांकडे किंवा विक्रेत्याकडे जमा करा आणि मग अर्ज करा.

ठेवण्याबद्दल थोडं. गोव्याचा पाऊस आणि समुद्राची खारी हवा, दोन्ही लोखंडाच्या मुळावर आहेत. चामड्याच्या म्यानात बंदूक ठेवू नका, चामडं ओल धरतं आणि कमावलेल्या चामड्यातली रसायनं नळी खातात. जुन्या सुती कापडात, तेलाचा हलका हात देऊन ठेवा. उभी ठेवायची असेल तर नळीचं तोंड खाली, म्हणजे तेल लाकडात उतरून दस्ता कुजत नाही. पावसाळ्यात अधूनमधून काढून पुसा. पेच स्वतः फिरवू नका, घरातल्या पेचकसाने पेचाचं तोंड फाटतं आणि ते पुन्हा सरळ करायला आम्हाला अर्धा दिवस जातो.

दसऱ्याच्या आधी ज्यांना पाती करून हवी आहे त्यांनी आता कळवा. बंदूक घेऊन निघू नका. आधी पातीचा आणि नळ्यांखालच्या ठशांचा फोटो पाठवा, परवान्याची प्रत काकांना लागेल. नळ्या कशा उतरवायच्या माहीत नसेल तर ठशांचा फोटो राहू द्या, तो आम्ही इथे काढू. आणि घरात जे सगळ्यात म्हातारं माणूस आहे त्याला बरोबर आणा. येणं जमत नसेल तर बंदूक घरी कशी आली ते त्याच्याकडून विचारून, त्याच्याच शब्दांत लिहून आणा. त्यानंतरच अक्षरं आखायला घेईन.